अबोली जुनेर

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुझ्यावर रागावूनच लिहायला बसलेय. परवा शिक्रापूरला हायवेलगतच्या चाळीत एका बाळंतिणीला बघायला गेले होते. नवरा कंपनीत कामाला, सासू निमोण्याहून बाळंतपणासाठी आलेली. बाळ विटक्या अबोली कापडात गुंडाळलेलं. काठावरून मी ते लगेच ओळखलं, तुझंच पातळ.

आठवतं? निमोण्याच्या उपकेंद्रामागचं आपलं स्वयंपाकघर. तू ते अबोली पातळ टराटरा फाडते आहेस आणि मी रडते आहे, कारण गॅदरिंगला मला तेच नेसायचं होतं. बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावायचं नाही, जुनेरच हवं. आणि अख्ख्या गावाला जुनेर हवं ते नर्सबाईचंच, म्हणजे तुझंच. "तुला काय कमी आहे गं? त्या लेकराला उघडं ठेवू?" म्हणत तू निघालीससुद्धा. त्या न पाहिलेल्या लेकराचा मी किती दुस्वास केला! पुढे दौंडला मी बाळंत झाले, तेव्हा तू केंदूरला दुसऱ्याच कुणाच्या उशाशी होतीस. तिसऱ्या दिवशी आलीस ती हात हलवत. "जुनेरं संपली गं," म्हणालीस. माझ्या लेकीला दवाखान्यातला टॉवेल लागला.

मीही याच कामाला लागले. लोकांना वाटतं, आईचा वारसा. खरं तर तुझ्यावर कडी करायची होती. आज शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतल्या नर्सना मी शिकवते, सगळे मॅडम म्हणतात. पण माझं जुनेर आजवर कुणी मागितलेलं नाही.

सासू कौतुकानं सांगत होती, "आमच्या नर्सबाईचं हाय हे. माझा ल्योक ह्याच्यातच गुंडाळला व्हता, आन् आता नात." म्हणजे तेच लेकरू! मी तुझी मुलगी आहे हे सांगितलंच नाही. म्हणाले, "इतकं जुनं कापड बाळाला चालत नाही. जंतू असतात. माझ्याकडे द्या."

तिचा चेहरा पडला. "व्हय का? आमाला काय ठावं," म्हणत तिनं दिलं, मॅडमच सांगतायत म्हणून.

धुऊन उन्हात वाळवलेलं मऊ सुती कापड बाळाला सगळ्यात चांगलं, हे मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगत आलेय. घरी येऊन वास घेतला. तुझा येत नाही. ओव्याच्या धुरीचा आणि त्या बाळाचाच येतो. उद्या पुन्हा शिक्रापूरची व्हिजिट आहे. घडी घालून पर्सजवळ ठेवलंय. पर्समध्ये अजून ठेवलेलं नाही.