पेट्रोल गाळून घेतलं असतंस तर

हट्टी नाना,

काल गावचे पंच आले होते. तू पडलास त्या ठिकाणी, तापीच्या वाळवंटाच्या काठावर, त्यांना चौथरा बांधायचाय. "नानानी जीव दिधा, पन जत्रा वाचाडी," असं म्हणत होते. मी आतून ऐकलं आणि दार आपटलं. जत्रा वाचवायचीच होती, तर त्या सकाळी उडायचंच कशाला होतं रे?

मुंबईला विमान चालवायला शिकलास, त्याचं कौतुक सगळ्या सारंगखेड्याला होतं. मलाही होतं! पण मित्राचं विमान मागून आणलंस, घोड्यांच्या बाजारापलीकडच्या पडीक रानात उतरवलंस, आणि तुझं डोकंच फिरलं. बांना म्हणालास, "बठा ना!" बा म्हणाले, "मन्हा पाय जमीनवरच बरा शेतस." मग माझी वर्णी लागली.

पेट्रोलचे डबे रात्रभर दवात उघडे पडले होते. वहिनी सगळ्यांदेखत, पदर सावरत म्हणाली, "आधी गाळी ल्या." तू हसलास. "आते टाईम नही, लोके थांबेल शेतस." अरे, आपल्याकडे पाणीसुद्धा कोणी न गाळता पीत नाही! पेट्रोल गाळायचं, पाणी अडवणारं कातडं तुझ्या कोटाच्या खिशातच होतं.

इंजिन सुरू होताना खोकलं. मी म्हटलं, "नाना, आज नको." "थंडी शे, तपनं म्हंजे चाली," म्हणालास. माझा पट्टा दोनदा ओढून पाहिलास. स्वतःचा का नाही लावलास?

झाडांच्या वर गेलो न गेलो, तोच आवाज बसला. पंखा फिरत होता, पण जोर नव्हता. समोर तंबू होते, घोडे होते, वर बघत हात हलवणारी माणसं होती. तू विमान नदीकडे वळवलंस आणि ओरडलास, "यमू, डोकं खाले घाल!" मी घातलं. तुझं ऐकायची सवयच ना!

पंख वाळूत रुतला आणि आपण उलटलो. माझा पाय मोडला. तू दूर जाऊन पडलास.

शहाद्याच्या दवाखान्याकडे गाडी निघाली, तेव्हा तुझं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं. ती तुला हाका मारत होती. तू डोळे उघडलेस आणि काय विचारलंस? "पंखा तुटना का?" नाना! बायको समोर होती रे! एक शब्द तिच्याशी बोलला असतास तर तिला जन्मभर पुरला असता. त्यानंतर तू बोललाच नाहीस.

पुढे दोन सरकारी साहेब येऊन विमान तपासून गेले. पेट्रोलात पाणी होतं म्हणाले. हे कळल्यापासून वहिनीने त्या सकाळचं नावही काढलेलं नाही. मी बोलते, तर बा म्हणतात, "मरेल मानूसवर चिडू नही." मग कोणावर चिडू?

चौथऱ्याला मी नाही म्हणणार नाही. घोडे वाचले, माणसं वाचली, हे खरंच आहे. शेवटच्या क्षणी तू शहाण्यासारखा वागलास. थोडा आधी वागला असतास तर!

वहिनीला पुण्याला जाऊन मास्तरीण व्हायचंय. त्यावरून बा दोन दिवस जेवले नाहीत, आईचं आणि तिचं बोलणं बंद आहे. तरी उद्या दोंडाईच्याला तिला गाडीत बसवायला मीच जाणार, लंगडत का होईना. ती परत येईपर्यंत तुझ्या लेकीला मी सांभाळीन, आणि मधेच कोणी वहिनीला माघारी बोलावू लागलं तर आडवी पडेन. हा शब्द तुला देते. तुझ्याकडून तिला काही मिळालं नाही, निदान माझ्याकडून हे मिळू दे.

अजून रागावलेली,
तुझी यमू