वाणाची वाटी

३ मे, रविवार. सकाळी

या उन्हाळ्याचे संकल्प :
१) पहाटे पाचला फिरायला जाणं. (आज सातला उठलो. उद्यापासून.)
२) भरपूर पाणी पिणं.
३) भर दुपारी बाहेर न पडणं.
४) तृप्तीचे धोंडे.

चौथा सगळ्यात महत्त्वाचा. पोरीचं लग्न फेब्रुवारीत झालं आणि लगेच या मे महिन्यात अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, काशाच्या भांड्यात वाण द्यायचं. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. आमच्या जावयाचं तर नावच हरिओम.

उषा असती तर तिनंच केलं असतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. पण त्यात अवघड काय आहे? मी सगळी नोकरी एसटीत काढली, जाफराबादच्या स्टँडावर गाड्या वेळेवर सोडल्या. नियोजन माझ्या रक्तात आहे.

तृप्तीला फोन केला. म्हणालो, आठ दिवस या. ती म्हणाली, पप्पा, पण धोंडे तर आई... आणि थांबली. मी म्हणालो, सगळं ठरलंय, तू फक्त ये. पुण्याहून आपलं टेंभुर्णी काय लांब आहे? बघते म्हणाली. म्हणजे येणार.

एकटं राहण्याचा मला काही त्रास नाही. उलट शांतता असते. फारच शांतता होते म्हणून टीव्ही दिवसभर चालू ठेवतो.

५ मे

कूलर काढला. नवं गवत बसवलं. पंप चालेना. लोक उगीच मेकॅनिकला पैसे देतात. स्वतः उघडला. एक झटका बसला, किरकोळ. हात बराच वेळ झिणझिणत होता. त्यानं रक्त खेळतं.

कूलर हे दोन माणसांचं काम आहे, एवढं मात्र खरं. एकानं मागं पाइप धरायचा, दुसऱ्यानं पुढून ‘भरलं, भरलं, बंद करा’ ओरडायचं. उषाचा आवाज त्याला बराबर होता. आज पाणी हॉलभर झालं. फरशी गार झाली, म्हणजे फायदाच.

संध्याकाळी तृप्तीचा फोन. कसे आहात? फर्स्ट क्लास, म्हणालो.

९ मे, शनिवार

जालन्याला जाऊन वाणाची काशाची वाटी आणली. निघायला उशीर झाला त्यामुळे ऊन लागलं असतं, पण मी खिशात कांदा ठेवला होता. उषा नेहमी ठेवायची. ती सालीसकट ठेवायची हे नंतर आठवलं. मी जास्त गुण यावा म्हणून चिरून ठेवला. बसमध्ये शेजारचा माणूस दुसऱ्या सीटवर गेला. मला खिडकी मिळाली. फोनला मात्र अजून वास येतोय.

वाटी सुंदर आहे. टिचकी मारली की घुमत राहते.

आपल्या घरातली जुनी वाटी लग्नात तृप्तीबरोबर दिली. तीच म्हणत होती, राहू द्या पप्पा, तुम्हाला लागते. मी म्हणालो, मला काय करायची? उन्हाळ्यात माझ्या तळपायांची आग व्हायची तेव्हा उषा वाटीला तूप लावून पाय घासून द्यायची. वाटीखाली काळं काळं यायचं. ती म्हणायची, बघा, किती उष्णता भरलीय अंगात, म्हणून चिडता.

आज तळपाय जरा तापलेत. नवी वाटी समोरच आहे. पण वाणाची वस्तू आधी वापरायची नसते. कपाटात ठेवली.

१३ मे

धोंड्यांची रंगीत तालीम. मोबाइलवर एक बाई दाखवते ते पाहून केलं. पुरण खाली थोडं लागलं. त्याला खमंगपणा म्हणतात. कणकेत ते भरून वाफवले. दिसायला उत्तम.

शेजारच्या दुर्गाबाईंना चवीला एक दिला. त्यांनी तो चावला, मग ओट्यावर आपटला. म्हणाल्या, “भाऊ, ह्याला धोंडा का म्हणतेत ते मला आज कळलं बघा.” मग म्हणाल्या, मी येते त्या दिवशी, मी करून देते, माझा काय खर्चा व्हतो? मी नम्रपणे नाही म्हणालो. लेकीला बापाच्या हातचं खायचं आहे. “लेक म्हनली का तसं?” म्हणाल्या. बायकांना नको ते प्रश्न पडतात.

१५ मे

अन्न टाकू नये म्हणून तालमीतले धोंडे दोन दिवस मीच खाल्ले. काल दुपारपासून पोट बिघडलंय. संकल्प क्रमांक दोन आपोआप पूर्ण होतोय, सारखं साखर-मिठाचं पाणी पितो.

तृप्तीला : फर्स्ट क्लास.

१७ मे, रविवार

आजपासून अधिक महिना. तृप्तीचा फोन आला. पुढच्या रविवारी येतात! ती म्हणाली, ह्यांना सुट्टी नाही, रविवारी सकाळी येऊ, संध्याकाळी निघू. असं सगळे आधी म्हणतात. एकदा आले की कोण जातं? आठ दिवसांच्या हिशेबानं आंबे सांगून ठेवले.

२० मे

गाद्या उन्हात टाकल्या, गच्चीवर. दुपारी एकदम वावटळ उठली. एक गादी कठड्यावर, एक उशी दुर्गाबाईंच्या पत्र्यावर. भर दुपारी बाहेर पडायचं नाही हा संकल्प होता, पण गच्ची म्हणजे बाहेर नव्हे, घरच आहे. मग वर गेलोच होतो तर टाकी धुतली. मग तृप्तीच्या खोलीच्या वरच्या भागाला चुना मारला, म्हणजे खोली गार राहील. तिला त्या खोलीत झोप लागायला हवी.

दुर्गाबाई उशी घेऊन आल्या. खालूनच ओरडल्या, “भाऊ, उतरा खाली! डोक्याला रुमाल न्हाई, काही न्हाई, काय करून राह्यले?” म्हणालो, झालंच. त्यानंतर बराच वेळ होतो.

२१ मे

अंगात थोडी कणकण. चुन्यानं असेल.

२२ मे, शुक्रवार

दुर्गाबाईंच्या मुलानं मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. तसं फार नाही. एक सलाईन. डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण आहे? म्हणालो, लेक-जावई आहेत. रविवारपासून आहेत, हे सांगायची गरज वाटली नाही.

दुर्गाबाईंनी पन्हं आणून दिलं. म्हणाल्या, पोरीला फोन लावा. मी म्हणालो, कशाला? ती घाबरेल, कार्यक्रम रद्द करेल. “मंग कार्यक्रमासाठी मरता का?” म्हणाल्या. फार टोकाचं बोलतात.

तृप्तीचा फोन आला तेव्हा खोकून गळा मोकळा केला, मगच उचलला. पप्पा, आवाज असा का? म्हणालो, आंबा खात होतो.

२३ मे, शनिवार. संध्याकाळी

ताप उतरतोय. चढतोय म्हणा हवं तर, पण मधूनमधून उतरतो.

पुरण आजच करून ठेवलं. उभं राहता येत नव्हतं म्हणून खुर्चीवर बसून घोटलं. मागच्यापेक्षा कितीतरी चांगलं झालंय. ताट, निरांजन, बत्ताशे, वाटी, सगळं मांडून ठेवलं. पाय धुवायला घंगाळ घासलं. दोन्ही गाद्यांवर नव्या चादरी.

लाईट गेली आहे. येईलच.

२४ मे, रविवार

काय काय लिहू.

लाईट सकाळपर्यंत आली नाही. फ्रिजमधल्या डब्याचं झाकण काढलं तर पुरण विटलेलं. दुसरं करावं म्हणून उठलो आणि ओट्यापाशीच बसलो. बसलो म्हणजे मुद्दाम नाही. तेवढ्यात ती दोघं आली. तृप्तीनं हातातली पिशवी दारातच टाकली. कपाळाला हात लावला आणि मग माझ्यावर ओरडायलाच लागली. “फर्स्ट क्लास! रोज फर्स्ट क्लास! मला काय समजता तुम्ही, पप्पा?” अगदी आईसारखी. त्याच सुरात. ताप असून मला बरं वाटलं, हे तिला सांगितलं नाही.

पलंगावर झोपवलं. मी म्हणालो, आधी पाय धुवायचे राहिलेत. हरिओमराव म्हणाले, मामा, तुमच्याच पायाची वाफ निघून राह्यली. आणि ताटातली वाटी उचलली.

मी ओरडलो, ती वाणाची आहे! त्यांनी तृप्तीला तूप मागितलं आणि माझे पाय मांडीवर घेतले. मी ओढून घेतले. म्हणालो, अहो जावईबापू, महिना कोणता चालू आहे? या महिन्यात मी तुमचे पाय धरायचे! हा केवढा दोष लागेल मला! ते म्हणाले, “मामा, केदारखेड्याला आजीचे पाय मीच घासायचो. ती म्हनायची, वाटी गुमान फिरू द्यावी, बोललं की गर्मी परत वर चढते.” मग मी गप्प बसलो. आजीचं ऐकावं लागतं.

नेमक्या दुर्गाबाई धोंडे घेऊन दारात. मी नको म्हणूनही पहाटेच केले होते. तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. “अगं माय! नारायणच भक्ताच्या पायापाशी बसले!” आणि खो खो हसल्या. तृप्तीही हसली. पुष्कळ दिवसांनी या घरात दोन बायका एकदम हसल्या.

वाटी काळी झाली. किती तरी काळी. हरिओमरावांनी ती मला दाखवली. मी म्हणालो, काशाला तूप लागलं की होते काळी. तेवढ्यात झोप लागली.

उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी दुर्गाबाईंचे धोंडे खाल्ले होते. माझ्यासाठी दहीभात. गाडी सुरू करायची वेळ झाली होती. तृप्ती म्हणाली, मी राहते पप्पा, दोन दिवस. हरिओमरावही म्हणाले, राहू द्या तिला.

मी म्हणालो, छे छे, मला काय झालंय? तुझी नवीन नोकरी आहे, सुट्ट्या वाया घालवू नकोस. निघा, उशीर होईल. सगळी नोकरी गाड्या वेळेवर सोडल्या. सवयच लागली आहे.

ओवाळणं राहिलं. पाय धुणं राहिलं. वाण राहिलं. आंबे सगळे त्यांच्याबरोबर दिले.

२५ मे, सोमवार

ताप नाही. दुर्गाबाई दोनदा डोकावून गेल्या. त्यांना म्हणालो, काळजी नको.

विचार केला. वाणाची वाटी वापरली गेली, म्हणजे वाण दिलंच गेलं नाही. म्हणजे शास्त्रानं धोंडे झालेच नाहीत. अधिक महिना पंधरा जूनपर्यंत आहे. त्यांना परत बोलवावंच लागेल. माझ्यासाठी नाही, नियमच तसा आहे. नवी वाटी आणायची. पुरण या वेळी सकाळी ताजं. तीन दिवसांची रजा घ्यायला सांगतो.

२७ मे, बुधवार. सकाळी

तृप्तीचा फोन. तिनं घरी विचारलं. तिच्या सासूबाई म्हणाल्या, धोंडे खाल्ले ना, मग झाले, कुणी का केले असेनात. जूनमध्ये दोघांनाही सुट्टी नाही. ती म्हणाली, पप्पा, पुढच्या धोंड्याला नक्की, आठ दिवस. पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी.

म्हणालो, चालेल. तयारीला भरपूर वेळ मिळाला.

मग विचारलं, पप्पा, पाय कसे आहेत? खरं सांगा.

फर्स्ट क्लास, म्हणालो.

फोन ठेवून टीव्ही लावला. वाटीला तूप लावलं, खुर्चीवर बसून उजवा पाय डाव्या मांडीवर घेतला. गुडघा दुखतो, पाय नीट वळत नाही. वाटी दोनदा खाली पडली. खूप वेळ घुमत राहिली.

टीव्ही बंद करून ऐकत बसलो.