यमुनेचा फसलेला प्रयोग

पांढुर्णा
१२ जुलै १९८७

प्रिय यमुना,

तुझं पत्र मिळालं. सायन्स सोडून आर्ट्सचा फॉर्म भरते म्हणतेस. काहून, तर तुझ्या हातून प्रयोग होत नाही, आठवीतच सगळ्यांनी पाहिलं म्हणे. तुझ्या बाबांनी पत्र वाचून दाखवलं आणि तिची मर्जी म्हणून तिगाव टेसनवर ड्युटीला निघून गेले. उत्तर मी मुद्दामच त्यांच्याकडून लिहवून घेतलं नाही. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, जमेल तसं लिहून राहिली. चुका काढत बसू नको, पूर्ण वाच.

घरी सगळं ठीक आहे. बाजारात शेजारची देवकाबाई विचारते, पोट्टी डॉक्टरीण होणार का? मी म्हटलं, आधी तिला धड एका जागी बसू दे.

तुला खरं सांगते, देशभ्रतार बहेनजी मला कधीच आवडली नाही. आठवीत ती तुला सायन्स शिकवायला आली आणि घरात दुसरं बोलणंच उरलं नाही. बहेनजी असा भांग पाडते, बहेनजी अशी हसते. मी वीस वर्षांपासून भज्यात सोडा टाकून राहिली, त्यावर लिंबू पिळलं की फसफसते हे मला माहीत नव्हतं काय? पण तू मलाच शिकवायला बसली. आई, त्यातून गॅस निघतो, दिसत नाही पण त्यालाही वजन असते. मी म्हटलं, इकडं भाजी करपून राहिली. तर म्हणाली, तुला नाही समजणार. बाजारात माझ्या तराजूमागं बसायची तुला लाज. मैत्रिणी दिसल्या की टोपल्याआड लपायची. तोच तराजू बहेनजीनं मागितला तं डोक्यावर घेऊन भर बाजारातून शाळेत गेली! मी त्या दिवशी चिंधू भाजीवाल्याचा तराजू मागून वांगे विकले.

शाळेच्या तपासणीला साहेब येणार होता. चार दिवस तू घरी तोच प्रयोग करत होती. पारड्यात उघड्या शिशीत लिंबाचा रस, बाजूला सोड्याची पुडी. तोच सोडा रसात टाकला की फसफसून गॅस उडून जाई आणि पारडं वर येई. दुसऱ्या शिशीच्या तोंडाला सोडा भरलेला फुगा बांधायचा आणि उलटा करून सोडा आत पाडायचा. फुगा फुगे, पण पारडं जागचं हलत नसे. गॅस आतच कोंडलेला, जाईल कुठं? घरी चारही वेळा जमला. दर वेळी टाळ्या वाजवत तू बहेनजीला सांगायला पळाली. मी तिथंच उभी होती.

तपासणीच्या दिवशी मी शाळेत तराजू आणायला आली आणि वर्गाच्या खिडकीशी थांबली. उघड्या शिशीचा जमला. दुसऱ्याला फुगा जरासा फुगला आणि मान टाकून बसला. पारडं वर. साहेब म्हणाला, काय बहेनजी, तुमचं तं वजन पळालं! सगळा वर्ग हसला. बहेनजी पटकन म्हणाली, धागा मी बांधला होता, ढिला राहिला. बांधला होता तू. तू घरी आली आणि माझ्या मांडीत डोकं घालून रडली, वर्षभरात पहिल्यांदा. मला बरं वाटलं, यमुना. खोटं काहून लिहू.

आता ऐक. धागा घट्टच होता. सकाळी तू आंघोळीला गेली तेव्हा मी बांगडीतली सेफ्टीपिन काढून फुगा मानेपाशी टोचला, रबर जाड असते तिथं, लगेच फाटू नये म्हणून. ती बहेनजी सगळ्यांसमोर हरावी एवढंच मनात होतं. हरशील तू, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या बाबांना आजही माहीत नाही. तुझ्या हातात काही खोट नव्हती. फॉर्म बदलू नको. बहेनजीची बदली तू शिकतेस त्या छिंदवाड्यालाच झाली म्हणतात. तिचं घर शोध, हे पत्र तिला दाखव, आणि तिच्यासमोर तो प्रयोग परत कर. जेवायला थांब म्हणाली तर थांब. माझ्या पोटात दुखेल, ते माझं मी पाहीन. दिवाळीला माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. फक्त तिला आई म्हणू नको.

तुला नको झाली तरी तुझीच,
आई