डाव्या हाताची अनामिका

नॅशव्हिल, ४ मार्च २०२४

ती. शोभनाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र. शुद्धलेखनाला हसू नकोस. बातमी वाईट आहे. फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, खांद्याला लावली की डावी अनामिका आपोआप तळव्याकडे वळते. एरवी कप धरते, ड्राइव्ह करते, काही होत नाही. डॉक्टर म्हणाल्या, बिघाड बोटात नाही, मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेत आहे. सुरुवातीलाच थांबले असते तर आशा होती. घरात आधी कुणाला होतं का, विचारलं. मी नाही म्हटलं.

बँडने उन्हाळ्याच्या टूरसाठी दुसरी फिडलवाली घेतली. बारा वर्षं, रेडिओवर गाजलेली दोन गाणी, आणि निरोप टेक्स्टवर! बाबांना सांगू नकोस. आजोबांचं व्हायोलिन कंट्री म्युझिकवाल्यांच्या बारमध्ये नेलं म्हणून ते माझ्या एकाही शोला आले नाहीत.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
अदिती


आयसेलिन, १२ मार्च

चि. अदितीस, अ. उ. आ.

शुद्धलेखनाचे नऊ गुण कापले, पण पत्र तीनदा वाचलं. डॉक्टरांना तू चुकीचं सांगितलंस, त्यात तुझा दोष नाही. संग्रामदादाची, तुझ्या बाबांची, व्हायोलिन वाजवताना हीच अनामिका वळायची. १९९५ साली नागपुरात भर मैफलीत बोट उघडेना. तार तुटली सांगून तो उठला आणि पुढच्याच वर्षी कॉम्प्युटरची नोकरी धरून तुम्हाला अमेरिकेत घेऊन आला. संसारासाठी संगीत सोडलं, असंच सगळे समजतात, तुझी आईसुद्धा. मला शपथ घातली होती, ती आज मोडली. मॉरिसव्हिलला घरी जा. त्याच्यासमोर बस.

जेवत जा, एवढंच मागणं.
तुझी आत्या


नॅशव्हिल, २ एप्रिल

ती. आत्यास, सा. न.

जाऊन आले. बाबांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, आधी करंगळी जड वाटायची का. मी हो म्हटल्यावर ते रडायलाच लागले. म्हणाले, राग कधीच नव्हता. शोला आलो असतो तर गाणं ऐकलंच नसतं, तुझ्या बोटांकडे बघत बसलो असतो. लहानपणी मला सगळं गाऊन का शिकवायचे, स्वतः व्हायोलिन हातात का घ्यायचे नाहीत, ते तेव्हा कळलं.

मला दया यायला हवी होती. मी ओरडले. मी वर्षाला दोनशे शो करत होते. वेळेवर सांगितलं असतं तर थांबले असते. ते म्हणाले, लाज वाटायची. आत्या, लाज! आई दारात उभी होती. तिलाही हे आत्ताच कळत होतं. मी न जेवता निघाले.

तुझ्यावरही चिडलेय, तरी लोभ कमी करू नकोस.
अदिती


नॅशव्हिल, २० ऑक्टोबर

ती. आत्यास, सा. न.

इंजेक्शनांचा उपयोग झाला नाही. माझं वाजवणं संपलं. सप्टेंबरपासून एका शाळेत मुलांना फिडल शिकवते. पहिल्याच दिवशी सांगितलं, बोट दुखलं तर लगेच हात वर करायचा. परवा आन्या नावाच्या मुलीने केला. मी तिची फिडल केसमध्ये ठेवली, तिच्या आईला फोन केला, दोन आठवडे वाजवायचं नाही म्हटलं. ती खूप रडली. रडू दिलं.

बाबा रोज फोन करतात. मी दोन वाक्यं बोलून ठेवते. काल विचारत होते, वर्ग बघायला येऊ का. मी बघू म्हणाले. आज आईचा मेसेज आला, ते सकाळीच निघालेत. आठ तासांचा रस्ता, म्हणजे अंधार पडायच्या आत पोचतील. दार उघडेन. त्यापुढे काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.

तुझीच,
अदिती