डाव्या इंजिनाचा दिवा

४ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला अर्धं ऐकू जातं आणि उरलेलं आई पदरचं घालून सांगते, म्हणून लिहिते आहे. मी ठीक आहे. विमानही ठीक आहे.

मंगळवारी एकशे बेचाळीस प्रवासी घेऊन निघाले. चाळीस मिनिटांनी डाव्या इंजिनाचा पिवळा दिवा लागला. तेलाचा फिल्टर तुंबल्याचा. थ्रॉटल मागे घेऊन इंजिनाचा जोर कमी केला, दिवा विझेना. आणीबाणीच्या सूचनांच्या पुस्तकातली पुढची ओळ आहे: इंजिन बंद करा. को-पायलटचं म्हणणं पडलं की तेलाचा दाब ठीक आहे, अर्ध्या तासात पोचू, थोडं थांबू या. मी थांबले नाही. इंजिन बंद केलं आणि एका इंजिनावर जवळच्या विमानतळावर उतरवलं.

आता तपासणीवाले म्हणतात, इंजिनात काही नव्हतं, दिव्याचा स्विच बिघडला होता. आमच्या चीफ पायलटनं कागद पुढे केलाय. निर्णय घाईचा होता, एवढं मी मान्य करायचं. सही केली की प्रकरण मिटलं. नाही केली तर कॅप्टनची खुर्ची जाणार. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.

मी सही करणार नाही. आईला आजच सांगू नका. म्हणजे उद्या सांगितलंत तरी चालेल.

तुमची

---

१० मार्च

चि. हट्टोबास, अनेक आशीर्वाद.

आईनं पत्र माझ्याआधीच फोडलं. तेव्हापासून भांडी आपटते आहे.

आता माझं ऐक. अडतीस वर्षं मी इंजिनं उघडली. दिवा लागला की दिव्यावरच खापर फोडायचं आणि स्विच बदलायचा, हा आमच्या धंद्यातला जुना आळस. फिल्टर कुणी कापून पाहिला का? विचार. तो कापायचा, आतल्या कागदाच्या घड्या उलगडून पांढऱ्या फडक्यावर धुवायच्या आणि वरून चुंबक फिरवायचा. आतून झिजणाऱ्या धातूचा चुरा निघेल. निघणारच. ते फडकं चीफच्या टेबलावर ठेव आणि म्हणावं, आता बोला.

जुन्या सोबत्यांना मी सांगूनही टाकलंय की लेकीनं इंजिन वाचवलं.

प्रकृतीला जप.

बाबा

---

१७ मार्च

ती. बाबांस, सा. न.

फिल्टर फेकला नव्हता. चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला होता. वर्कशॉपच्या फोरमननं तो चीफसमोर कापला. तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं.

बाबा, काही निघालं नाही. फडकं पांढरंच राहिलं. फोरमननं चुंबक दुसऱ्यांदा फिरवला, तो बहुधा माझी दया येऊन.

 चीफनं पेनाचं टोपण काढून पेन माझ्याकडे सरकवलं. मी टोपण लावून परत दिलं.

तुमची

---

२२ मार्च

चि. मुलीस, आशीर्वाद.

चूक माझी. न पाहता पैज लावली, तीही तुझ्या जिवावर. मेकॅनिकनं असं करू नये.

सही करून टाक. त्या खुर्चीपर्यंत पोचायला तुला चौदा वर्षं लागली. धातू निघाला असता तर मीच लढ म्हटलं असतं. आता कशाच्या जोरावर लढणार? एका ओळीनं कुणी लहान होत नाही. हवं तर मी येतो, चीफला भेटतो. त्याच्या वयाच्या कितीतरी जणांचे कान पिळलेत मी.

आईचं मत वेगळं आहे. तिनं लिहायला सांगितलंय की बापाला म्हणावं, गप्प बसा.

बाबा

---

३० मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

येऊ नका. सही केली नाही.

धातूच्या जोरावर लढायचं, तर मला फिल्टर आकाशात कापता यायला हवा होता. तिथे माझ्यापाशी दिवा होता आणि पुस्तक. दिवा खोटा होता हे सगळ्यांना जमिनीवर कळलं. मलाही. कागदाखाली मी एवढंच लिहिलं की तो पुन्हा लागला, तर पुन्हा इंजिन बंद करीन. घाई झाली असं मी मान्य केलं, तर उद्या दुसऱ्या कुणासमोर दिवा लागेल आणि त्याला पुस्तकाआधी माझी सही आठवेल.

खुर्ची गेली. सहा महिने उजवीकडे, को-पायलट म्हणून. खांद्यावरच्या चार पट्ट्यांच्या तीन झाल्या. सोबत्यांना हेही सांगा, आणि आवाज न उतरवता सांगा. तुमची चूक वगैरे काही नाही. फडकं पाहिलं ते बरंच झालं. नाहीतर जन्मभर मी त्या चुऱ्याच्या आशेवर बसले असते.

सोमवारी पहिली फेरी. डावीकडे चीफ स्वतः बसणार आहे, माझ्यावर नजर ठेवायला. दिवा लागला की उजवीकडच्यानं पुस्तक मोठ्यानं वाचायचं असतं. मी त्याला आधीच बजावून ठेवलंय की माझा आवाज बापावर गेलाय आणि मी एकही ओळ गाळत नाही.

आईला नमस्कार. लोभ कमी होणार नाही, हे गृहीत धरते.

तुमचीच