क्वार्टरमधला खडू

दिल्ली कँट, मंगळवार

ती. संपदाताईस,

साधनाचा नमस्कार. (वाकून केलाय असं समज, गुडघा धरलाय.) तुझं पित्त आणि दाजींची साखर ताब्यात असेल. फोनवर बोलले तर सासूबाई कान देऊन बसतात, म्हणून वहीत लिहून पानाचा फोटो पाठवतेय.

इथे सगळा कारभार 'ओके'वर चालतो. प्लंबर ओके म्हणाला की नळ गळतो. दुकानदार "ओके जी" म्हणाला की सामान येत नाही. भक्ती ओके म्हणाली की अभ्यास होत नाही (वय अकरा, हट्ट बापाचा). ह्यांचा मात्र रोज संध्याकाळी सीमेवरून तेवढाच मेसेज असतो. ओके, म्हणजे जेवलो, धड आहे, जास्त विचारू नकोस. सासूबाईंना अक्षरओळख नाही, पण ही दोन इंग्रजी अक्षरं त्या ओळखतात. एक भाकरी आणि शेजारी मोडका चिमटा.

बुधवारपासून मेसेज नाही. आणि गुरुवारपासून घरात खडूचे ओके उमटायला लागले. आधी पलंगावर. (क्वार्टर देताना स्टोअरवाला सामान मोजून असंच लिहून गेला होता, म्हणून मी त्यालाच शिव्या घातल्या.) मग कपाटावर, बादलीवर, पिठाच्या डब्यावर, रविवारी भक्तीच्या दप्तरावर. पुसावं, तर सकाळी पुन्हा हजर. शेजारची वैभवी म्हणाली, उंदीर असतील. इंग्रजी शिकलेले उंदीर आमच्याच वाट्याला. हसले खरी, पण सगळ्या घरात फक्त ह्यांच्या बुटांवर खूण नव्हती, ते बघून पुन्हा फोनवर ह्यांचा मेसेज शोधला.

काल सकाळी चोर सापडला. सासूबाई भक्तीचा खडू घेऊन माझ्या शिलाई मशीनवर भाकरी काढत होत्या. मी रागावले. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याचं येईना, तर आपण लिहावं की. घरात कुणीतरी ओके म्हणाय पाहिजे."

मला रडूच आलं. खडू काढून घेतला, कपाटात कुलपात ठेवला, किल्ली मंगळसूत्राला अडकवली. बाकी सगळे मजेत.

तुझी,
साधना

ता.क. दाजींच्या जुन्या पलटणीतलं कुणी अजून नोकरीत असेल तर आजच फोन करायला सांग. पत्र त्यासाठीच आहे.

ता.क. दुसरा. आज सकाळी दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर ओके आहे. सासूबाईंचा हात तिथे स्टुलावर चढूनही पोचत नाही. आमच्या घरात तिथवर हात पोचतो तो एकट्या ह्यांचा. कुलूप मी दोनदा बघितलं, खडू आतच आहे. ताई, मला भीती वाटते. जे कळेल ते पुऱ्या वाक्यात लिही. नुसतं ओके लिहू नकोस.