हॉर्न वाजत नाही

७ सप्टेंबर

बाबा ऐकत नाहीत. कुणाचंच नाही!

पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो. तो सायलेन्सरच्या बाजूला हवा. मी दोनदा सांगितलं. बाबांनी मागं न वळता पिस्टन बसवला. बरोबर बसवला, हे मान्य. पण नुसतं ‘हो’ म्हणायला काय जात होतं? मी काय शेडच्या पत्र्याशी बोलते?

चोवीस दिवस राहिले. एक तारखेला सकाळी साडेसातला पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत हजर व्हायचंय. पहिली बस तिथं नऊला पोचते. तिथं राहायची सोय नाही. म्हणजे गाडी झाली तर नोकरी, नाही तर नाही. इतकं साधं आहे.

आणि गाडीचं बाबांनीच काढलं होतं. माझी टू-स्ट्रोक अकरा वर्षं पोत्याखाली पडलीय, दोघं मिळून बांधू, घेऊन जा तू — त्यांचेच शब्द. मी किती खूश झाले होते, मूर्खासारखी.

१० सप्टेंबर

सिलिंडर लेथवाल्याकडून बोअर मारून आणला. त्याला सगळे मायक्रॉन म्हणतात, कारण चहासुद्धा मोजून पितो. मी विचारलं, बाबा तुमचं तरी ऐकतात का? तो म्हणाला, “ह्या गाडीचं आणि तुझ्या बापाचं एकच आहे. लाथ घातल्याशिवाय दोघंही हलत नाहीत.”

घरी येऊन सांगितलं नाही. आईला सांगितलं. आई हसली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सुरू झाली! एकविसाव्या किकला.

त्याआधी भांडण. पेट्रोलमध्ये ऑइल किती, ह्यावर. मी मापाच्या नळीनं मोजून ठेवलं होतं. बाबांनी ते बाजूला सारलं आणि बाटलीच्या झाकणानं घातलं — एक झाकण, दोन झाकणं, आणि वर ‘गाडीच्या नावानं’ थोडं. मी म्हटलं, असं नसतं बाबा, प्रमाण असतं. त्यांनी टाकीचं झाकण लावलं. नंतर मी गुपचूप मोजलं तर चार मिलीलिटरचा फरक. त्याचा जास्तच राग आला.

धुरानं शेड भरली. बाबा टाकीवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानं. (खोटं. धुरानं नाही.)

१८ सप्टेंबर

वायरिंग माझं. हे आधीच ठरलं होतं. जुन्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. नकाशा काढला, प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावली, टेप गुंडाळली. दिवा लागला. ब्रेकचा दिवा लागला. हॉर्न वाजला — कर्कश, बारीक, पण वाजला. घरातलं विजेचं काम आजवर एकाही बाईनं केलेलं नाही. पुरुषांनी तरी कुठं धड केलंय म्हणा.

तीस तारखेला आरटीओत पासिंग. साहेब दिवे, ब्रेक, हॉर्न बघतात. तिन्ही तयार.

२१ सप्टेंबर, रविवार

“हॉर्न वाजत नाही.”

बाबांनी बटण दाबलं. हॉर्न वाजला. बाबा म्हणाले, वाजत नाही. मला वाटलं, चेष्टा करतायत. हसले. त्यांनी परत दाबलं, कपाळाला आठी, आणि पक्कड घेऊन माझी टेप सोलायला लागले. मी ओरडले, वाजतोय की! त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत जमिनीवर. चिठ्ठ्या सगळ्या.

रात्री जेवले नाही. जेवले, पण उशिरा.

२४ सप्टेंबर

दोन संध्याकाळी घालवून पुन्हा सगळं जोडलं. आज बाबा कामावरून आले, अंगावर खडी मशीनची पांढरी धूळ तशीच, आणि थेट बटण दाबलं. दाबून धरलं. शेजारच्या काकू कानांवर हात ठेवून फाटकात आल्या आणि म्हणाल्या, पुरे की आता, मेलेलीही उठतील. बाबांनी काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“वाजत नाही,” म्हणाले. आणि वायर उपसली.

काकूंसमोर! काकू बिचाऱ्या परत गेल्या.  सहा दिवस राहिलेत पासिंगला आणि हा माणूस माझ्या कामाची अशी धिंड काढतोय. का? वायरिंग मी केलं म्हणून? मला येतं आणि त्यांना येत नाही म्हणून?

२६ सप्टेंबर

तिसऱ्यांदा.

ह्या वेळी हॉर्नच काढून बाकावर ठेवला त्यांनी. मी त्यांच्या खांद्यामागंच उभी होते. मी ओरडले नाही. हळूच म्हटलं, अगदी शांतपणे, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं असेल:

“तुम्हाला मी जायलाच नकोय. तेवढं सांगा ना सरळ. जन्मभर खडी फोडलीत, वायरिंग काय कळणार तुम्हाला.”

दुसरं वाक्य नको होतं. खडीवरच माझी फी भरली गेली. पण तोंडातून गेलं.

बाबा टेप गुंडाळत राहिले. मागं वळलेसुद्धा नाहीत. इतकी किंमत आहे माझ्या बोलण्याला.

२७ सप्टेंबर

आईशी भांडायला गेले होते. तू तरी सांग त्यांना, म्हणून. आई चादरी वाळत घालत होती. चादरीपलीकडून म्हणाली, “अगं, त्यांना ऐकू नाही येत.”

मी म्हटलं, कधी ऐकलंय त्यांनी कुणाचं!

“तसं नव्हे. ऐकू येत नाही. कानांनी. बारीक आवाज तर मुळीच नाही.”

मशीनवर सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे तिथं कुणाला कळलं नाही म्हणे. घरी समोरून बोललं की ओठ बघून सावरून घेतात. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हापासून. मला का नाही सांगितलंस, विचारलं. तर म्हणाली, तुझी परीक्षा होती.

“चार वर्षं परीक्षा होती?”

आईनं चादर झटकली, आणि चिमटे मागितले.

माझा राग कुठं ठेवू? आईवर आहे. बाबांवर आहे — सांगायला काय झालं होतं, मी त्यांची मुलगी आहे की तपासणीला आलेली बाई? आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर. दर सुट्टीत खडी मशीनचा आरोग्याचा फॉर्म मीच भरते, घरात लिहिणारी मीच. ‘ऐकण्यास त्रास’ असा रकाना आहे. बाबा म्हणायचे, सगळीकडे ‘नाही’ लिही. मी लिहिलं. चारही वर्षं, सुवाच्य अक्षरात. कॉलेजात पाण्याची बाटली मी तीनदा तपासल्याशिवाय ‘नाही’ लिहीत नव्हते. बापाला एकदाही विचारलं नाही.

एक बरं झालं. परवा — नाही, कालच — मी पाठीमागून बोलले. म्हणजे ऐकू गेलं नसणार. देवा, एवढं तरी.

२८ सप्टेंबर, रविवार

हॉर्न बसवला. बाबा समोर येऊन उभे राहिले तेव्हाच मी बोलले, ओठ नीट हलवून. त्यांच्या लक्षात आलं की मला कळलंय. नजर चुकवली. आईवर चिडले असतील.

बटण दाबलं आणि त्यांचं बोट धरून हॉर्नच्या पत्र्यावर टेकवलं. जरा वेळ तसंच ठेवलं त्यांनी. म्हणाले, “गुदगुल्या होतात.”

मग विचारलं, “वाजतो ना नीट?”

वाजतो म्हटलं. “मग झालं,” म्हणाले, आणि पक्कड पेटीत टाकली. सात दिवस मी ज्यासाठी रडले ते एका शब्दात मिटलं. बिचारे. मी किती घाण विचार केला त्यांच्याबद्दल. कानांच्या डॉक्टरांकडे दहा तारखेची वेळ घेतलीय. ह्या वर्षीचा फॉर्म खरा भरायचा, हेही सांगितलं. ‘बघू’ म्हणाले.

३० सप्टेंबर

पास! साहेबांनी हॉर्न स्वतः वाजवला आणि दचकले.

१ ऑक्टोबर

सहाला निघायचं होतं. बाबांनी किक मारून गाडी गरम करून ठेवली होती. मी बसले, त्यांनी हँडल धरून ठेवलं.

म्हणाले, “शेडमध्ये बोललीस ते ऐकलं मी. जवळून बोललीस. अर्धं आलं ऐकू, उरलेलं कळलं.”

 मी माफ करा म्हणणार होते.

“पहिल्यांदा खरंच नाही आला हॉर्न ऐकू. दुसऱ्यांदा काकू कान झाकून आल्या तेव्हा कळलं, वाजतोय. तेव्हा वायर आणि नंतर हॉर्न, दोन्ही मुद्दाम काढलं.” हँडल सोडलं. “जा. उशीर होईल.”

गल्लीच्या टोकापर्यंत मी बटणावरून अंगठा काढला नाही. सगळी दारं उघडली. मागं वळून पाहिलं नाही.